कुत्रा आणि मांजर एकाच फ्लॅटमध्ये: फाटक, फळ्या, डिफ्यूझर, ट्रेनर यांतलं काय घ्यावं आणि काय टाळावं

कुत्रा-मांजर एकत्र ठेवणाऱ्यांसाठी बाजारात दोन जातींचा माल आहे. एका जातीचा माल मांजराला जागा आणि पळवाट देतो: फाटक, भिंतीवरच्या फळ्या, दाराचा हूक. दुसऱ्या जातीचा माल शांतता विकतो: फेरोमोनचे (म्हणजे प्राणी एकमेकांसाठी सोडतात त्या खूणवासाचे) सॉकेटला लावायचे डिफ्यूझर, ‘कामिंग’ फवारे, गळपट्टे, चघळायच्या गोळ्या. पैसे पहिल्या जातीवर घाला. दुसरीतली एखादी वस्तू घ्यायचीच तर सगळ्यात शेवटी घ्या. हे परीक्षण साधारण सहाशे ते नऊशे चौरस फुटांचा, दोन बेडरूमचा फ्लॅट समोर ठेवून केलं आहे. कौलारू बैठ्या घरात मांजर आपलं आपण आढ्यावर जाऊन बसतं आणि निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

जागेवर एवढा भर का, तर घरातल्या बहुतेक पाठलागांचं मूळ वैरात नसतं. मांजर धूम ठोकतं म्हणून कुत्रा मागे लागतो, आणि मांजर धूम ठोकतं कारण त्याला जवळपास वर चढायला किंवा आड जायला काही सापडत नाही. जवळ आसरा असलेलं मांजर पळत नाही, चालत जातं. चालत्या मांजराच्या मागे लागण्यात बहुतेक कुत्र्यांना रस नसतो.

फाटक (बेबी गेट)

एकच वस्तू घेणार असाल तर ही घ्या. लहान मुलांसाठी मिळणारं, दाबावर बसणारं लोखंडी फाटक साधारण अडीच ते पाच हजारांत येतं. भिंतीला भोक पाडावं लागत नाही, त्यामुळे भाड्याच्या घरातही चालतं. ही फाटकं बहुतेक 75 ते 82 किंवा 85 सेंमी रुंदीसाठी असतात. जास्त रुंदीला 7 किंवा 14 सेंमीचे जोडतुकडे वेगळे घ्यावे लागतात. बेडरूमच्या तीन फुटी दाराला चौकट वजा जाता 80 सेंमीच्या आसपास मोकळी जागा उरते, म्हणजे साधं फाटक बसतं. हॉल आणि पॅसेजमधली जागा मात्र एक मीटरच्या पुढे जाते, तिथे जोडतुकडे लागणारच.

माप एकाच ठिकाणी घेऊन ऑर्डर टाकू नका. जमिनीलगत, गुडघ्याच्या उंचीवर आणि फाटकाच्या वरच्या टोकाशी अशी तीन मापं घ्या आणि सर्वांत लहान माप धरा. पॅसेजला चौकट नसेल तर खाली टाइल्सची स्कर्टिंग एक-सव्वा सेंमी पुढे आलेली असते. खालचे दोन बोल्ट स्कर्टिंगवर आणि वरचे दोन भिंतीवर टेकतात, त्यामुळे वरचे बोल्ट तेवढेच जास्त बाहेर काढावे लागतात. हे लक्षात न घेता चारही बोल्ट सारखे फिरवले की फाटक तिरकं बसतं आणि कडी लागत नाही.

याच वस्तूबद्दल सगळ्यात जास्त तक्रार येते ती अशी: ‘खोक्यातून काढलं तर फाटकाची कडी आणि चौकट यांच्यात दीड-दोन सेंमी फट आहे, माल सदोष आहे.’ माल सदोष नसतो. दाबाच्या फाटकाची चौकट मुद्दाम थोडी उघडी बनवलेली असते. दोन्ही बाजूंनी बोल्ट आवळत गेलं की ती आत येते आणि फट मिटते. आधी खालचे दोन बोल्ट हाताने घट्ट करा, मग वरचे, आणि प्रत्येक दोन-तीन फेऱ्यांनंतर कडी लावून बघा. फट मिटवण्यासाठी सळ्या वाकवायला गेलात तर मात्र फाटक खरंच वाया जाईल.

भिंतीला जिप्सम प्लास्टर असेल तर बोल्टच्या टोकाखाली ते चुरा होऊन खड्डा पडतो. सोबत येणाऱ्या वाट्या (वॉल कप) चिकटवूनच बोल्ट टेकवा. रंग खराब होऊ नये म्हणून फेल्ट किंवा फोम घालू नका. दाब कमी होतो आणि लॅब्राडॉरच्या एका धक्क्यात फाटक सरकतं. लाकडी चौकट पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून जूनमध्ये घट्ट बसलेलं फाटक मार्चमध्ये सैल झालेलं आढळेल. पहिल्या महिन्यात आठवड्याला एकदा आणि नंतर ऋतू बदलला की बोल्ट तपासावे.

उंचीचा हिशेब कुत्र्याच्या जातीवर. नेहमीचं 76 सेंमीचं फाटक लॅब, बीगल, पग यांना पुरतं. गावठी कुत्रा, जर्मन शेफर्ड, हस्की यांच्यासाठी ते टिचभर आहे. त्यांना एक मीटरच्या आसपासचं उंच फाटक घ्या. मांजराला दोन्ही उंच्या किरकोळ आहेत, ते वरून जातंच, आणि आपल्याला तेच हवं असतं. म्हातारं मांजर, सांधे दुखणारं मांजर किंवा थुलथुलीत पर्शियन असेल तर ज्या फाटकात खाली मांजरापुरतं छोटं दार असतं ते बघा. हे छोटं दार साधारण वीतभर रुंद असतं. त्यातून मांजर जातं, पण पॉमेरियन, शित्झू, डॅशहुंड आणि कुठल्याही मोठ्या जातीचं दोन महिन्यांचं पिल्लूही जातं, हे ऑर्डर देण्याआधी लक्षात घ्या. सळ्यांमधली पाच-सहा सेंमीची फट मोठ्या मांजराला अडवते, मांजराच्या पिल्लाला नाही.

दोष दोन. एक, खालची आडवी पट्टी दोन-तीन सेंमी उंच असते आणि रात्री बाथरूमला जाणाऱ्या आजी-आजोबांच्या पायात येते. पट्टीवर रेडियमची टेप लावा, किंवा ज्यांचा तोल जातो अशी माणसं घरात असतील तर हे फाटक त्यांच्या वाटेवर लावूच नका. दोन, आपोआप बंद होणारं फाटक ओळंब्यात बसलं नसेल तर पूर्ण बंद होत नाही, कडीपाशी टेकून राहतं. माणसाला ते बंद दिसतं. कुत्र्याला नाक लावताच कळतं की उघडं आहे.

गुंडाळून ठेवायचं जाळीचं फाटक (रोलर गेट) दिसायला छान, पण कुत्र्यासाठी कुचकामी. जाळी खालून उचलली जाते, मांजर नखं रोवून तिच्यावर चढतं, आणि दोन आठवड्यांत ती लोंबते. दारांना लावतात त्या नायलॉनच्या मच्छरजाळीचंही तेच. स्टेनलेस स्टीलची जाळी असेल तर गोष्ट वेगळी.

स्वतःचं घर असेल तर अजून एक पर्याय आहे आणि तो बऱ्याचदा तयार फाटकापेक्षा सरस ठरतो: जवळच्या फॅब्रिकेटरकडून बेडरूमला लोखंडी ग्रिलचं अर्धं किंवा पूर्ण दार करून घेणं. बाहेरच्या दाराला सेफ्टी डोअर करणाऱ्याला हे नवीन काम नाही. उभ्या सळ्या 5 सेंमी अंतरावर घ्यायला सांगा, आडव्या सळ्या घेऊ नका (कुत्रा पाय देतो), आणि खालच्या कोपऱ्यात 15 × 18 सेंमीची चौकोनी वाट ठेवायला सांगून तिला आतून सरकती पट्टी लावून घ्या. असं दार मापात बसतं, अडखळायला पट्टी नसते आणि उंचीची चिंता नसते.

फाटक आणल्यावर

वस्तू कितीही चांगली असली तरी ती पहिल्याच दिवशी उघडी लावून दोघांना समोरासमोर आणलं की पैसे पाण्यात. क्रम असा.

नव्याने आलेल्या प्राण्याला दार बंद असलेली स्वतंत्र खोली. मांजर नवं असेल तर त्याचं खाणं, पाणी, लिटर (शी-शूचा टब), लपायला खोका, सगळं त्याच खोलीत. कुत्रा नवा असेल तर मात्र मांजराच्या नेहमीच्या वाटा आणि उंच जागा त्याच्याकडेच राहू द्या. कुत्र्याचा वावर हॉलपुरता ठेवा. मांजर स्वतःहून खायला, अंग चाटायला, पाय पसरून झोपायला लागेपर्यंत ही पायरी. कुणाला तीन दिवस पुरतात, कुणाला तीन आठवडे.

याच काळात वासाची अदलाबदल. एक सुती फडकं मांजराच्या गालांवरून आणि हनुवटीवरून फिरवा, दुसरं कुत्र्याच्या अंगावरून, आणि एकाचं फडकं दुसऱ्याच्या खाण्याच्या भांड्यापासून काही फुटांवर टाका. भांड्याखाली घालू नका, मांजर जेवणच सोडतं. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना एकाच वेळी जेवायला द्या: आधी दारापासून सहा-सात फुटांवर, आणि दोघं निवांत खात असतील तर रोज थोडं पुढे.

मग फाटक. आधी त्यावर आडोसा हवा. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा 3 मिमीचा सनबोर्ड फाटकाच्या मापाने कापून केबल टायने बांधा. पहिले काही दिवस पूर्ण झाकलेलं, नंतर सनबोर्ड वरून दहा-दहा सेंमी कापत यायचं. चादर टाकू नका, कुत्रा ती दाताने ओढतो.

आडोसा कमी होऊ लागला की कुत्रा हार्नेसवर, साध्या सहा फुटी लीशवर. लांबणारी गुंडाळी-लीश इथे नको, ऐन वेळी तिचं बटण दाबायचं राहून जातं. कुत्र्याला आधी भरपूर फिरवून, शी-शू करवून आणा. मांजर दिसलं की खाऊ, मांजर दिसेनासं झालं की खाऊ बंद. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी खाऊ दाखवून मग मांजर समोर आलं, की कुत्र्याच्या डोक्यात काहीच जुळत नाही. अर्धी घरं इथेच अडकतात. खाऊ हरभऱ्याएवढा, वासाचा हवा: उकडलेलं चिकन, पनीर. एका वेळी दोन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. दहा मिनिटांनी सगळं बिघडून थांबण्यापेक्षा तीन मिनिटांनी चांगलं चाललेलं असताना थांबावं.

कुत्रा भुंकतोय का यापेक्षा तो ताठ झालाय का ते बघा. भुंकणारा, शेपूट हलवणारा, उड्या मारणारा कुत्रा दमला की निवतो. तोंड बंद, कान पुढे, मान खाली, नजर मांजरावर खिळलेली, अंगात बारीक थरथर आणि नाकासमोर चिकन धरलं तरी लक्ष नाही: हा शिकारीचा पवित्रा आहे. अंतर ताबडतोब वाढवा. प्रत्येक वेळी हेच होत असेल तर ट्रेनरकडे जाईपर्यंत भेटी बंद. मुधोळ, कारवान, पश्मी ही धावत्या सावजामागे जाण्यासाठीच जोपासलेली कुत्री आहेत. त्यांच्यापैकी एखादा घरातल्या मांजराशी छान राहतोही, पण अंगणात तेच मांजर पळालं तर त्याचा भरवसा धरू नये. पूर्वी मांजर मारलेल्या कुत्र्याला मांजराच्या घरी आणू नये. त्यावर कुठलंही उत्पादन उपाय नाही.

मांजराकडे बघताना कान चपटे, शेपूट आपटणं, बाहुल्या मोठ्या, फिस्कारणं हे सगळ्यांना कळतं. न कळणारी खूण म्हणजे मांजराने दिवसभर पलंगाखालून न निघणं आणि लिटरकडे फक्त मध्यरात्री जाणं. ते ‘शांत’ झालेलं नसतं, दबून राहिलेलं असतं. चोवीस तास काही खाल्लं नाही तर व्हेटला फोन करा. उपाशी मांजराचं, विशेषतः लठ्ठ मांजराचं, यकृत झपाट्याने बिघडतं.

फाटक उघडल्यानंतरही काही आठवडे कुत्र्याच्या हार्नेसला सात-आठ फुटांची हलकी दोरी लोंबती ठेवा, टोकाचा फास कापून टाकलेली, म्हणजे ती टेबलाच्या पायात अडकत नाही. धाव घेतली तर दोरीवर पाय ठेवता येतो. घरात कुणी नसताना ही दोरी काढायची आणि दोघांना वेगळं ठेवायचं. पग, शित्झूसारख्या बाहेर आलेल्या डोळ्यांच्या कुत्र्यांबाबत एक जादा काळजी: पहिल्या भेटीआधी मांजराच्या नखांची टोकं कापा. मांजराचा एक फटका डोळ्याच्या बुबुळावर बसला की व्रण होतो.

फळ्या आणि कॅट ट्री

तयार कॅट ट्री ही ‘घ्या, पण बघून’ जातीची वस्तू. चार फूट उंच आणि तळ जेमतेम सव्वा फुटाचा, अशी बरीच मॉडेलं विकली जातात. चार-पाच किलोचं मांजर घाबरून वर झेपावलं की ती कलंडतात, आणि एकदा पडलेल्या झाडावर मांजर पुन्हा चढत नाही. तळ निदान दीड-पावणेदोन फूट चौरस हवा, आणि तरीही वरचा भाग एल-पट्टीने भिंतीला बांधावा. आतलं लाकूड बहुधा पार्टिकल बोर्ड असतं. कोकणपट्टीच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत त्याचे स्क्रू सैल होतात. जमिनीलगतचा तो गोजिरवाणा ‘लपायचा खोका’ कुत्र्याच्या घरात सापळाच आहे, त्याला एकच तोंड असतं. मागच्या बाजूला दुसरं भोक पाडून घ्या.

त्याच पैशांत सुताराकडून चार फळ्या करून घेतल्या तर जास्त उपयोग होतो. 18 मिमी प्लाय, 25 ते 30 सेंमी खोल, बसायची फळी 50-60 सेंमी लांब. वर चढायच्या पायऱ्या लहान चालतात. दोन पायऱ्यांत उभं अंतर 30-35 सेंमी. मोठा लॅब मागच्या पायांवर उभा राहिला तर त्याचं तोंड सहज साडेचार फुटांपर्यंत पोहोचतं, म्हणून बसायची फळी पाच फुटांच्या वरच. पृष्ठभागावर सनमायका नको, मांजर घसरतं. जुनी सतरंजी किंवा रबरी मॅट चिकटवा. मांजराचं वजन पाच किलो असलं तरी उडी मारताना भार त्याच्या कितीतरी पट येतो, म्हणून प्रत्येक फळी 20 किलो पेलेल असं धरून ब्रॅकेट लावा.

इथे भिंत कसली आहे ते आधी पाहा. विटांच्या भिंतीत 8 मिमीचा साधा प्लॅस्टिक प्लग पुरतो. नव्या इमारतींत बऱ्याच भिंती एएसी ब्लॉकच्या (सिमेंटचे हलके, सच्छिद्र ठोकळे, लोक सिपोरेक्स म्हणतात) असतात. त्यात हॅमर ड्रिलने भोक पाडलं की ते मोठं होतं आणि साधा प्लग महिन्याभरात सुटून येतो. हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं आणि हलक्या ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर वापरायचे. ‘काही होत नाही हो, बसतो’ म्हणणाऱ्या कारागिराचं इथे ऐकू नका.

फुकटातला पर्याय: लोखंडी कपाट. साडेसहा फूट उंच, जड, न हलणारं. वरच्या बॅगा आणि गाद्या काढा, न घसरणारी बाथमॅट टाका, आणि शेजारी एखादं टेबल किंवा दोन पायऱ्यांच्या फळ्या लावा. तिथून उतरायला दुसऱ्या बाजूने वाट असेल तर उत्तम, कारण कुत्रा कपाटाखाली ठाण मांडून बसला तर मांजर तासन्‌तास वर अडकून पडतं.

बाल्कनी विसरू नका. पाठलागात मांजर सरळ कठड्यावर जातं. कबुतरांसाठीची नायलॉन जाळी पक्षी अडवते. मांजर ती नखांनी आणि दातांनी कापू शकतं आणि कठड्याखालच्या फटीत ती बहुधा नीट ताणलेलीच नसते. तारांचं ‘इनव्हिजिबल ग्रिल’ मोठ्या मांजराला ठीक, पण दोन इंचांच्या फटीतून पिल्लू निघून जातं. ओळख पूर्ण होईपर्यंत बाल्कनीचं दार बंद, हा बिनखर्चाचा नियम.

फेरोमोनचे डिफ्यूझर

इथे नावं घ्यावी लागतात, कारण खऱ्याखुऱ्या फेरोमोनची आणि ‘कामिंग’ अत्तरांची सरमिसळ करून विक्री चालते. फेलीवे आणि ॲडाप्टिल हे दोन्ही सेवा या फ्रेंच कंपनीचे. फेलीवे क्लासिकमध्ये मांजर गाल घासून जो खूणवास सोडतं त्याची नक्कल असते. फेलीवे फ्रेंड्समध्ये माऊ पिल्लांना पाजताना सोडते त्या वासाची. ॲडाप्टिल कुत्र्यासाठी, तेही व्यालेल्या कुत्रीच्या वासावर आधारलेलं. माणसाला यातलं काही जाणवत नाही.

काम करतं का? 2020 मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाने कुत्रा-मांजर दोन्ही असलेल्या घरांवरच प्रयोग केला: काही घरांत फेलीवे फ्रेंड्स, काहींत ॲडाप्टिल, मालकांना कुठलं ते न सांगता. पाठलाग, लपणं, भुंकणं यांसारख्या गोष्टी दोन्ही गटांत कमी झाल्या, आणि चांगल्या वागण्यातली काही वाढ ॲडाप्टिलच्या गटात दिसली. पण घरं थोडी होती, नोंदी मालकांच्याच होत्या आणि नुसतं पाणी भरलेल्या डिफ्यूझरचा गट नव्हता. काळ जाऊनही थोडा फरक पडतोच, तो वेगळा काढता येत नाही. यातून हाती एवढंच लागतं: एकच घ्यायचं असेल तर मांजराचं घेण्याआधी कुत्र्याचं घेऊन बघायला हरकत नाही. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

एक डिफ्यूझर 50 ते 70 चौरस मीटरला पुरतो असं कंपनी सांगते, म्हणजे साडेपाचशे ते साडेसातशे चौरस फूट. कागदावर अख्खा फ्लॅट झाला. प्रत्यक्षात बेडरूमचं दार बंद असलं की तो वास तिथे जात नाही, आणि आपल्याकडे दिवसभर पंखे फिरतात, खिडक्या सताड उघड्या असतात. तेव्हा जिथे दोघांचा सामना होतो त्याच खोलीत लावा. सोफ्यामागे, पडद्याआड किंवा टेबलाखाली लावला तर वर जाणारी वाफ तिथेच अडते. बाटली साधारण महिनाभर पुरते. ती मधेच ‘संपत नाही’ म्हणजे बहुधा कुणीतरी जाता-येता स्विच बंद करतंय. आपल्या सॉकेटला बटण असतं आणि घरात विजेची काळजी करणारं माणूस असतंच. बटणावर टेप लावा. मशीन सहा महिन्यांनी बदलावं लागतं. आयात केलेला नग घेतलात तर पिनांचा आकार आधी बघा. सैल अडॅप्टरमध्ये तापणारी वस्तू चोवीस तास लावून ठेवणं बरं नाही.

निकाल: फाटक आणि फळ्या झाल्यावर पैसे उरले, तर दोन महिने लावून बघा. दुसऱ्या महिन्याअखेर फरक दिसला नाही तर तिसरी बाटली घेऊ नका.

‘हर्बल’, ‘अरोमा’ म्हणून मिळणारे स्वस्त डिफ्यूझर मात्र घरात आणूच नका. टी ट्री, निलगिरी यांसारखी तेलं मांजराला बाधतात. अंगावर बसलेले थेंब ते चाटतं आणि त्याचं यकृत ही द्रव्यं नीट निचरू शकत नाही.

थोडक्यात निकाली काढण्यासारखं

पाण्याचा फवारा आणि शॉक देणारा पट्टा: नको. मांजर दिसलं की दुखतं, एवढंच कुत्रा शिकतो, आणि राग मांजरावर निघतो.

मुसकं: घ्यायचंच तर पिंजऱ्यासारखं, ज्यात कुत्र्याला तोंड उघडून धापता येतं आणि पाणी पिता येतं. कापडी नळीचं मुसकं आपल्या उन्हाळ्यात धोक्याचं. मुसकं घातलेला पंचवीस किलोचा कुत्रा नुसत्या पंजाने आणि छातीच्या धक्क्यानेही मांजराला जखमी करू शकतो, म्हणून मुसकं म्हणजे मोकळीक नाही.

लिटर बॉक्स: मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि कुत्रा पोहोचणार नाही तिथे. झाकणवाला, एका तोंडाचा बॉक्स कुत्र्याच्या घरात नको. आत असताना वाट अडवली गेली की मांजर पुढच्या वेळी तुमच्या गादीवर जातं. उघडा, मोठा टब बाथरूममध्ये ठेवा आणि दाराला आतून हूक-कडी लावून दार आठ-दहा सेंमी उघडं अडकवा. हार्डवेअरच्या दुकानातला हा हूक या लेखातल्या सगळ्या वस्तूंत सर्वांत स्वस्त आणि पैसे पुरेपूर वसूल करणारा. छोट्या जातीचा कुत्रा असेल तर चालत नाही, तो त्या फटीतून जाऊन लिटरमधली शी खातो. मग टब फाटकापलीकडेच.

मायक्रोचिप ओळखून उघडणारं भांडं: शुअरफीड नावाचं हे भांडं कल्पक आहे, कातडीखाली बसवलेली चिप ओळखून त्याच मांजराला झाकण उघडतं. पण पाठीमागून कुत्र्याचं नाक आत जातं म्हणून मागचं आवरण वेगळं घ्यावं लागतं, चार जाड सी-सेल लागतात, आणि आयातीचा खर्च वर. एक मांजर पथ्यावर आणि दुसरं खादाड असेल तर विचार करा. केवळ कुत्र्यापासून खाणं वाचवायला मांजराची वाटी फ्रीजवर ठेवली तरी भागतं. वाचवायचं मात्र दोन्हीकडून: मांजराचं खाणं कुत्र्याला फार चरबीचं पडतं आणि स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, कुत्र्याच्या खाण्यावर वाढलेल्या मांजराला टॉरिन हे त्याला लागणारं पोषकद्रव्य कमी पडतं, त्यातून हृदय आणि डोळे बिघडतात.

गोचीड-पिसवांचं औषध: हे शांततेचं उत्पादन नाही, तरी या घरांत सर्वांत जीवघेणी चूक इथेच होते. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. मांजराला ते विष आहे. झटके येतात, जीवही जातो. कुत्र्याला चाटून किंवा त्याच्याशी चिकटून झोपूनही ते लागतं, म्हणजे दोघांची मैत्री जितकी घट्ट तितका धोका मोठा. पाकिटावर घटक वाचा, आणि व्हेटला औषध विचारताना घरात मांजर आहे हे आपणहून सांगा.

ट्रेनर

कुत्र्याला दोन-तीन आठवडे आपल्याकडे ठेवून ‘तयार’ करून देणारी सेवा या कामासाठी बिनकामाची. तिथे तुमचं मांजर नसतं, तुमचा पॅसेज नसतो. घरी येणारा किंवा व्हिडिओ बघून सल्ला देणारा ट्रेनर घ्या आणि पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. पहिल्या भेटीत कुत्रा-मांजर समोरासमोर आणणार का? ‘हो’ म्हणाला तर नमस्कार करा. मांजरासाठी काय बदल सुचवाल? यावर गप्प बसला तर त्याला अर्धंच काम येतं. कुत्रा ताठ झाला तर काय कराल? उत्तरात चोक चेन, झटका, ‘बॉस कोण ते दाखवावं लागतं’ असं काही आलं तर तिथेच थांबा. चांगला ट्रेनर आधी घराचा नकाशा मागतो, कुत्र्याचा रोजचा व्यायाम विचारतो आणि मांजराची व्हेट-तपासणी झाली का ते बघतो, कारण दात किंवा सांधे दुखणारं मांजर कुणाशीच जुळवून घेत नाही.

घेण्याचा क्रम

बजेट तीन हजार असेल तर फाटक, हूक आणि कपाटावरची मॅट. दहा हजार असतील तर त्यात सुताराच्या फळ्या आणि ट्रेनरची निदान एक भेट. डिफ्यूझर त्यानंतर. सगळं सुरळीत झालं की लोक फाटक ऑनलाइन विकून टाकतात, जुन्या फाटकाला गिऱ्हाईक पटकन मिळतं. विकू नका. बोल्ट सैल करून ते पलंगामागे उभं राहतं. दिवाळीच्या फटाक्यांत बिथरलेला कुत्रा, ऑपरेशन होऊन आलेलं मांजर, घरी राहायला आलेला पाहुण्यांचा कुत्रा, यांतल्या कुठल्याही दिवशी ते दहा मिनिटांत परत लावता यायला हवं. त्यासाठी चारही वॉल कप भिंतीलाच चिकटलेले राहू द्या.